उन्हाळ्यात गावाचं घड्याळ कसं फिरवायचं

होळीची राख थंड झाली की मी माझी दोनशे पानी वही काढते. पहिल्या पानावर आजाऱ्यांची नावं नसतात, वेळा असतात. नळाला पाणी किती वाजता येतं. पिठाची गिरणी कधी सुरू होते. डेअरीवर दूध कधी घालतात. मजूर बायकांची पहिली टोळी गावाबाहेरच्या पुलावर किती वाजता दिसते. उन्हाचं आणि या वेळांचं नातं लक्षात यायला मला सात-आठ वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही आशा असा, सरपंच असा, टोळीची मुकादमीण असा, किंवा चार घरांत ज्याचं ऐकलं जातं असं कुणीही.

मी २००९ पासून आशा आहे. गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधलं, बोरी नदीच्या काठचं. काठचं म्हणायची आपली पद्धत. एप्रिलमध्ये बोरीत पोरं क्रिकेट खेळतात. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी मुलखात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट, ४७ वर गेला की तीव्र लाट. आमच्याकडे ४५ ला माणसं म्हणतात, "आज जरा तपी ऱ्हायनं," आणि रुमाल गुंडाळून कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला निघतात.

अंगणवाडीच्या भिंतीवर एक पोस्टर आहे: दुपारी १२ ते ३ उन्हात जाणे टाळा. मीही वर्षानुवर्षं घरोघर तेच सांगत होते. एकदा एका बाईने भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच विचारलं, "मी नही जात. मंग मना रोज तू देशी का?" मी पाणी पिऊन उठले. तिच्या प्रश्नाला माझ्या बॅगेत उत्तर नव्हतं.

आणि मग शेजारच्या आप्पांचं झालं. साठी उलटलेला माणूस, पण हाडाचा कष्टकरी. दुपारी दीडला वावरातून निरोप आला की आप्पा पडले. मी पळत गेले. कुणी नाकाला कांदा लावत होतं, कुणी तळपाय चोळत होतं, दहा-बारा माणसं भोवती दाटून उभी होती. मी काय केलं? बॅगेतली ओआरएसची पुडी फोडली आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घालायला लागले. ते गालावरून वाहून गेलं. टेम्पो मिळायला चाळीस मिनिटं लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली: "अंगावर पाणी ओतलं होतं का?" कुणीच ओतलं नव्हतं. आप्पा पडले तिथून दहा पावलांवर बैलांसाठी भरलेला दोनशे लिटरचा ड्रम उभा होता.

तो ड्रम माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. पुढचं सगळं तिथून आलं आहे.

आधी वेळा लिहा, उपदेश नंतर

सलग तीन पहाटे गावातून फिरा. काही बोलू नका, फक्त बघा आणि लिहा. बायका वावरात दहा वाजता पोचतात, हे मला माहीत होतं. का पोचतात, ते वही भरल्यावर कळलं. शेतकरी म्हणायचे, बायांना लवकर उठायचा कंटाळा. खोटं! आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही सकाळी सहा ते आठ. त्या दोन तासांत घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. गिरणी आठला उघडते; रात्रीच्या पिठात सकाळचं भागलं नाही तर डबा घेऊन रांगेत. मग भाकरी, मग पोरांचं, मग निघायचं. म्हणजे बाई चार वाजता उठली तरी वावरात दहाच वाजणार. दहाला सुरू झालेलं काम पाचला संपणार, आणि मधली सगळी दुपार तिच्या डोक्यावर.

तेव्हा "सकाळी सहाला कामाला जा" हे मजुरणीला सांगण्यात अर्थच नव्हता. ते नळाला पाणी सोडणाऱ्या वॉलमनला सांगायला हवं होतं.

आमचा वॉलमन साधा माणूस, पण सकाळचं पाणी संध्याकाळी सोडायचं म्हटल्यावर तोही अडला. त्याची कारणं ऐकून घ्या, कारण तुमच्याकडेही हीच निघतील. टाकी भरायला थ्री फेज लाइट लागते, आणि आमच्याकडे ती एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वहीत दोन्ही आठवडे मांडून आम्ही दोघं पारावर बसलो. दिवसाची लाइट असली की टाकी दुपारी चारपर्यंत भरते, सहाला सोडता येते. रात्रीची असली की पहाटे भरते, ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायची आणि सहाला सोडायची. रात्री पुन्हा मोटर चालवायला टाकी रिकामी. अडचण लाइटची नव्हतीच. अडचण त्याच्या म्हशींची होती. संध्याकाळी सहा ही धारेची वेळ. मग त्याच्या भावजयीशी बोलले. ती म्हणाली, दोन महिने धार मी काढते, पण पाणी आधी आमच्या गल्लीला. मी हो म्हटलं. अशा ठिकाणी तत्त्वाला धरून बसू नये.

तोंडी ठरलेलं तोंडीच मोडतं, म्हणून ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव करून घ्या: चैत्रापासून मृगापर्यंत पाणी संध्याकाळी. वरची गल्ली आणि खालची गल्ली वेगळी करा, कारण संध्याकाळी पुरुष घरी असतात आणि नळाला थेट मोटर लावण्यावरून भांडणं दुप्पट होतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात दोन झाली. एकात माझंही नाव घेतलं गेलं. आठ दिवस मी त्या गल्लीतून मान खाली घालून गेले, नंतर विसरले लोक.

गिरणीचं सोपं गेलं. संध्याकाळी डबे ठेवून जायचे, रात्री नऊपर्यंत न्यायचे. गिरणीवाल्यालाही दुपारच्या पत्र्याखाली उभं राहण्यापेक्षा ते बरंच वाटलं.

लहान पोरांचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. पहाटे साडेपाचला आई निघाली की अंगणवाडी उघडेपर्यंत लेकरू कुठे? दोन आज्यांच्या ओट्यावर आम्ही सोय केली, पण आजी आजारी पडली की ती बाई घरीच राहते आणि तिचा रोज बुडतो. यावर तुम्हाला काही सुचलं तर मला हवं आहे.

शेतकऱ्याशी बोलणी

काम कमी मागू नका. तेवढंच काम दुसऱ्या वेळेला मागा. दहा ते पाच, मध्ये तासभर जेवण, म्हणजे सहा तास. पावणेसहा ते अकरा म्हणजे सव्वापाच. भांडण त्या पाऊण तासाचं असतं, हे आधीच ओळखून जा. आमच्या मुकादमीणबाईंनी फार छान तोड काढली. त्या म्हणाल्या, तास मोजू नका, ओळी मोजा. एक दिवस जुन्या वेळेला, एक दिवस नव्या वेळेला, तीच आठ जणींची टोळी, तेच वावर, आणि मोजणार शेतकरी स्वतः. नव्या वेळेला दोन ओळी जास्त निघाल्या. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण त्या शेतकऱ्याने ते पारावर सांगितलं, आणि माझ्या दहा वर्षांच्या सांगण्यापेक्षा त्या दोन ओळींचं वजन जास्त पडलं. ज्यांना मोजणीही नको त्यांच्याकडे उक्तं घ्या, म्हणजे रोजावर नाही, अख्ख्या कामाचे पैसे ठरवून. उक्त्या कामात वेळ आपल्या हातात असते.

पहिला शेतकरी निवडताना ज्याची बायको स्वतः टोळीबरोबर वावरात राबते, त्याच्याकडे जा. अर्धी बोलणी घरातच होऊन गेलेली असतात.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं वेगळं. त्याचं साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरतं. पैसे, धान्य, कपडे सगळं तेव्हाच बोललं जातं, तर उन्हाळ्याच्या वेळेचंही तेव्हाच बोलून घ्या. रोजगार हमीच्या कामावर तर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी कायद्यानेच द्यावी लागते. ती मागताना आवाज खाली ठेवायचं कारण नाही.

एक धोका सांगून ठेवते. पहाटे अंधारात बांधावरून जाताना साप आणि रानडुकरं. टोळीत दोन बॅटऱ्या आणि प्रत्येकीच्या पायात बूट हवेत, चप्पल नको. आमच्याकडे पहिल्याच वर्षी एकीच्या पायापासून हातभर अंतरावरून साप गेला, आणि सगळी योजना तिथेच बारगळणार होती.

पाणी प्यायला लावायचं म्हणजे आडोसा बांधायचा

उन्हात राबणाऱ्याने दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, तहान लागो न लागो. तासाला तीन पेले झाले. पाच तासांत एका माणसाला पावणेचार लिटर, आठ जणींना तीस लिटर. म्हणजे वीस लिटरचा एक जार आणि वर एक मोठी घागर. हा हिशेब शेतकऱ्यासमोर तोंडी करून दाखवा. "पाणी ठेवा हं भाऊ" म्हटलं की तो पाच लिटरची कॅन ठेवतो. घडाघडा दीड लिटरच्या वर पाणी एका तासात पिणं हेही चांगलं नाही, थोडं थोडं प्यायचं.

पाणी ठेवलं तरी बायका पीत नाहीत. मी चिडायचे. मग एकीने हळूच सांगितलं: "ताई, पिलं की जावं लागतं. जायचं कुठं?" पऱ्हाट्या उपटलेलं वावर म्हणजे नजर पोचेल तिथवर उघडं रान. शेजारच्या वावरात गडी. दिवसभर लघवी दाबून धरायची, म्हणून पाणीच प्यायचं नाही. आणि मी पोस्टर दाखवत होते!

उपाय चार बांबूंचा आहे. बांधाच्या कोपऱ्यात चार काठ्या रोवायच्या, भोवती जुनं लुगडं किंवा खताच्या गोण्या उसवून शिवलेला पडदा, आत दोन विटा. टोळी दुसऱ्या वावरात गेली की पडदा गुंडाळून सोबत. आमच्या एका मुकादमीणबाईंच्या पिशवीत हा पडदा विळ्याबरोबरच असतो. तो आल्यापासून जार अकरापर्यंत रिकामा होतो. लघवीचा रंगही बायकांना सांगून ठेवा: पिवळसर फिकी असली तर ठीक, चहाच्या पाण्यासारखी झाली तर सावलीत बसायचं.

जारावर ओलं गोणपाट. पेला पाण्यात बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवायचं. वीस मिनिटं कोण मोजणार? मोबाइलचा गजर. आमच्या टोळीत त्यावर अहिराणी गाणं लावलं आहे, ते वाजलं की हसत हसत सगळ्या जारापाशी येतात.

पुडीविषयी थोडं

ओआरएस लहान पोरांच्या जुलाबाची पुडी, असं मोठ्या माणसांना वाटतं. तिच्यात साडेवीस ग्रॅम माल असतो: ग्लुकोज, मीठ, पोटॅशियमचा क्षार आणि सायट्रेट. घामावाटे जे जातं त्यातलं बरंच त्यात परत मिळतं. एक पुडी पूर्ण, पाणी पूर्ण एक लिटर, त्याच दिवशी संपवायचं. अर्धी पुडी पेल्यात टाकायची नाही. प्रमाण बिघडलं की उपयोगाऐवजी त्रास. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट हवा, आपल्या हातासारखा उदार नको.

प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी नळ लावलेल्या ड्रममध्ये भरून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. माझ्या मनात पुडीपेक्षा ड्रम राहिला. टोळीच्या जाराशेजारी मी एक छोटी नळाची कॅन ठेवते, ती तिथून सुचली. पुडी माझ्या बॅगेत असून उपयोग नाही, बांधावर हवी.

दुकानातल्या गोड डब्यांना भुलू नका. नावात ओआरएस मिरवणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली आहे. पुडीवर घटक वाचा. ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-मीठ-साखर उत्तमच. ज्यांना बीपी आहे त्यांनी मिठाचा हात आवरायचा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खिशातल्या कांद्याने काही होत नाही. कांदा बाळगणाऱ्या आबांना मी सांगते, खिशातून काढा आणि भाकरीबरोबर खा.

ऊन लागलंच तर

ओळखायचं कसं, हे आधी. चक्कर, मळमळ, पायात वांब म्हणजे गोळे, डोकं ठणकणं, इथवर माणूस सावलीत, पाण्याने आणि विश्रांतीने सावरतो. पण बोलणं बरळल्यासारखं झालं, चाल डगमगली, विनाकारण चिडचिड करायला लागला, की तो उष्माघात समजा. अंग ४० अंशांच्या वर तापलेलं असतं. "घाम येतोय ना, मग उष्माघात नाही" हे आमच्याकडे फार ऐकू येतं, आणि ते चूक आहे. राबता राबता पडलेल्या माणसाला घाम असू शकतो. मी टोळीला सोपी खूण दिली आहे: तिला तिच्या पोरांची नावं विचारा. क्रम चुकला, अडखळली, की थांबायचं नाही.

मग हे, याच क्रमाने:

सावलीत ओढा. एकाने १०८ ला फोन लावा आणि गावाचं नाव, वावराकडे वळायची खूण नीट सांगा.

अंगावरचे जाड कपडे सैल करा, बायकांचा साडीवर घातलेला शर्ट काढा, आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता. बैलांचं असो, विहिरीचं असो, मोटरीचं असो. शिंपडायचं नाही, ओतायचं.

ओली साडी किंवा चादर अंगावर टाकून सुपाने, टोपल्याने, पुठ्ठ्याने वारा घाला. चादर सुकू द्यायची नाही. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा, जांघा.

शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही. पाणी नाही, पुडी नाही, माझ्यासारखा चमचा तर नाहीच. कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप तसला नाही, ती इथे काम करत नाही.

गाडी आली तरी ओतणं थांबवू नका. गाडीत ओली चादर तशीच, खिडक्या उघड्या.

आधी पाणी, मग गाडी. मी हे आमच्या पाण्याच्या टाकीवर गेरूने लिहून ठेवलं आहे.

वाचून हे हाताला येत नाही, एकदा करून बघावं लागतं. आम्ही अखाजीचा दिवस निवडला. लेकी माहेरी आलेल्या, कामं बंद, निंबाला झोके बांधलेले, घरोघर पितरांची घागर भरून झालेली, आमरसाने सगळे जड झालेले. गडीमाणसं निंबाखाली पत्त्यांत. अखाजीला पत्ते खेळले नाहीत तर सण झाला असं वाटत नाही आमच्याकडे, त्यामुळे मी डाव मोडायला गेले नाही, डावाच्या शेजारीच रंगीत तालीम लावली. सालदाराच्या पोराला आडवं केलं. पोरींनी हंडे ओतले. पहिल्या हंड्याला सगळे हसले, दुसऱ्या हंड्याला पत्ते भिजले, तिसऱ्या वेळी एक आजोबा उठून म्हणाले, सूप असं नाही धरत, आणि स्वतः वारा घालायला बसले. फोन लावून खुणा सांगायची तालीमही करा, खोटा फोन. आमच्या चार जणांनी चार वेगळ्या वाटा सांगितल्या. आता वळणावरच्या खांबाला पांढरा पट्टा आहे.

पुढच्याच उन्हाळ्यात एक मुकादमीण आपल्या टोळीतल्या बाईला पोरांची नावं विचारत होती, आणि तिसरं नाव येईना. बाईला मोटरीच्या धारेखाली बसवलं. मी पोचले तेव्हा ती थरथरत होती आणि शिव्या देत होती, माझी साडी भिजवली म्हणून. दवाखान्यातून दोन दिवसांनी परत आली.

घरातली माणसं विसरतात

ऊन म्हणजे वावर, असं मलाही वाटायचं. पण एप्रिल म्हणजे बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा महिना. पहाटेपासून ज्वारीच्या घाट्याचं पातेलं चुलीवर, वर धाब्यावर चादरी अंथरून बिबडे घालायचे, खाली येऊन पुन्हा चूल. पत्र्याच्या स्वयंपाकघरात, वारा लागून चूल विझू नये म्हणून दार लोटलेलं. एका गल्लीत एकाच दिवशी दोघी चक्कर येऊन पडल्या, वावरात न जाता. आता आमच्याकडे घाटा अंगणात पहाटे चारला शिजवतात आणि नऊला चूल बंद. पाच घरांनी मिळून घातलं तर होतं. एकटीने चाळीस बिबडे घालायचे म्हटलं तर दुपार होणारच.

पत्र्याची घरं, त्यात एकटी म्हातारी माणसं: यांची यादी वहीच्या दुसऱ्या पानावर. प्रत्येकाला एक शेजारी नेमून द्या, दुपारी दोनला आणि रात्री झोपायच्या वेळी हाक मारायला. पाय दुखतात म्हणून ती गच्चीवर झोपायला जात नाहीत, आणि रात्रभर घर तापलेलं राहतं. नुसता पंखा पुरत नाही. हवाच ४० च्या वर असेल तर कोरड्या अंगावर पंखा उलट तापवतो. अंग ओल्या फडक्याने पुसायचं, मग वारा. आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी, त्यामुळे हे चांगलं लागू पडतं.

पत्र्याला चुना लावा. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवायचा, तो उकळतो म्हणून पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल घालून, उतरत्या उन्हात ब्रशने दोन हात. अंगणवाडीच्या पत्र्याला आम्ही लावला तेव्हा आतून हात वर करून पत्र्याजवळ नेला तरी चटका जाणवेना. पावसात बराचसा धुऊन जातो, पुन्हा लावायचा. गाव आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून चुना, जार, पुड्या घेता येतात, पण पैसे यायची वाट बघू नका. आमचे एका वर्षी पावसाळ्यात आले. तोवर आम्ही घरटी वीस रुपये जमवून काम उरकलं होतं.

सातपुड्याकडून केळीच्या कापणीला, विहिरींच्या कामाला पावरा-भिल्ल कुटुंबं येतात, बांधावर प्लास्टिक ताणून राहतात. त्यांची नावं आपल्या कुठल्याच यादीत नसतात, म्हणून मुद्दाम जा. सिकलसेल हा रक्ताचा आजार कुणाला आहे का, विचारा. अशा माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की वेदनांचा झटका येतो, त्याला पाण्याची आणि सावलीची गरज दुसऱ्यांहून जास्त. आणि कुणीही नव्याने उन्हात कामाला लागलं तर पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्याएवढंच काम, मग रोज थोडं वाढवत. शरीराला ऊन पचवायला आठ-पंधरा दिवस लागतात.

लग्नांपुढे मी हात टेकले आहेत. साडेबाराचा मुहूर्त, दीडला वरात, डीजेपुढे नाचणारी पोरं. एवढंच करते की वरातीच्या वाटेवर दोन ठिकाणी पाण्याची टाकी उभी करवते आणि नवरदेवाच्या मामाला एक ओली चादर हातात देते. मामा ती खांद्यावर टाकून नाचतो. चालेल.

परत कधी फिरवायचं

मृग निघालं, पहिली सर पडली, मातीचा वास आला की सगळ्यांना वाटतं उन्हाळा संपला. शेतकऱ्याला सरकी लावायची घाई, बायका पुन्हा दहाला निघायच्या गोष्टी करतात. तेव्हाच सांभाळा. एका सरीने हवा दमट होते, घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि पारा ३९ दाखवत असला तरी जीव घाबरा होतो. ओली चादर आणि वारा यांचंही काम तेव्हा मंदावतं, म्हणून पाणी जास्त ओतावं लागतं.

गेल्या वर्षी पहिल्या पावसाच्या रात्रीच वॉलमनचा फोन आला. मागे म्हशीचा आवाज, पत्र्यावर थेंब.

"ताई, उद्यापासून सकाळी सोडू का पाणी?"

"नको भाऊ. अजून आठ दिवस संध्याकाळीच."

"धार कोण काढेल? वहिनी माहेरी गेली."

मी म्हटलं, बघते, आणि वहीत त्याच्या शेजारणीचं नाव शोधायला लागले.